पहिलं विरजण कुठून आलं?

एफवाय बीएस्सीला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते आणि कॉलेजात नवीन शिकलेलं सगळं आईला ऐकवायची मला तेव्हा फार हौस होती. ती दुधाचं पातेलं खाली उतरवून ते कोमट व्हायची वाट बघत बसलेली आणि मी ओट्याला टेकून तिला पाश्चर सांगतेय, की बघ आई, जीव हा जिवातूनच येतो, आपोआप काही उपजत नाही, मांसातल्या अळ्या माशीच्या अंड्यांतून येतात, तसंच दुधाचं दहीसुद्धा आपोआप होत नाही. आई म्हणाली, "ते मला कॉलेजात न जाता माहितीये. विरजण लावल्याशिवाय दही लागतं का कधी?" मग करंगळी दुधात बुडवून बघितली, चमचाभर दही घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं, आणि हात पुसता पुसता म्हणाली, "मग पहिलं विरजण कुठून आलं गं?"

मी काहीतरी उत्तर दिलं असणार, काय दिलं ते आठवत नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला तो आजतागायत. पुढे एमएस्सी झालं, नोकरी लागली, एका औषध कंपनीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये, आणि तिथं रोजचं काम काय तर जिथं जीव नसायला हवा तिथं तो खरंच नाहीये ना ते बघायचं. हे काम करता करता मला हळूहळू लक्षात यायला लागलं की पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला, आणि बाहेर कुठं तो आहे का, हे शोधणारे लोकसुद्धा शेवटी हेच करतात. खगोलजीवशास्त्र म्हटलं की आपल्याला दुर्बिणी आणि रॉकेटं आठवतात, पण या सगळ्याची किल्ली एका रिकाम्या नळीत आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्या नळीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

सुरुवात पाश्चरपासूनच करते. सगळ्यांना त्याची ती हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेली काचेची भांडी माहीत असतात, शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. मला त्याहून आवडतो तो १८६० सालचा प्रसंग. पाश्चरनं यीस्टचं साखरपाणी भांड्यांत घालून उकळलं, उकळतानाच त्यांची तोंडं वितळवून बंद केली आणि ती घेऊन तो हिंडला. खाली गावाकडे २० भांडी उघडली, हवा आत जाऊ दिली, परत बंद केली, त्यातली ८ नासली. मग जुरा पर्वतात साधारण ८५० मीटर उंचीवर २० उघडली, ५ नासली. मग माँ ब्लाँकच्या पायथ्याच्या हिमनदीवर गेला, तिथं २० उघडली आणि फक्त १ नासलं. म्हणजे हवा जितकी स्वच्छ तितकं नासणं कमी, जीव आपोआप नव्हे तर धुळीतून येतो. उघडताना भांडं डोक्याच्या वर धरायचा, चिमट्याचं टोक ज्योतीवर तापवून घ्यायचा, म्हणजे आपल्या अंगावरची, कपड्यांवरची धूळ आत जाऊ नये. १८६० साली! गाळलेल्या हवेचं लॅमिनार फ्लो कपाट नाही, ग्लोव्ह्ज नाहीत, एक माणूस बर्फावर उभा राहून हात वर करून काचेचं भांडं फोडतोय आणि त्याला कळलेलं आहे की या प्रयोगातली सगळ्यात मोठी अडचण तो स्वतः आहे. माझ्या मते मायक्रोबायोलॉजी त्या क्षणी सुरू झाली, पुस्तकं काहीही म्हणोत.

पण पाश्चरनं एक दार लावलं आणि आईचा प्रश्न त्या दाराबाहेर उभा राहिला. जीव जिवातूनच येत असेल तर मागे मागे जात कुठंतरी एक असा जीव असणार की ज्याच्या आधी जीव नव्हता. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, पश्चिम ऑस्ट्रेलियात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीवांच्या थरांचे ठसे दगडांत सापडतात, म्हणजे मधल्या काळात केव्हातरी कुणीतरी विरजण न लावता दही लागलं. डार्विननं १८७१ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात एका छोट्या कोमट तळ्याची कल्पना केली होती, अमोनिया, क्षार, उजेड, उष्णता, वीज असं सगळं असलेलं. त्याच पत्रात एक फार मोलाची गोष्ट आहे जी लोक सहसा सांगत नाहीत. तो म्हणतो की आज असं काही तयार झालं तरी ते टिकणार नाही, आत्ता असलेले जीव ते लगेच फस्त करतील. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबले होते. म्हणजे पहिलं विरजण आता पुन्हा का लागत नाही, तर घरभर आधीचं दही पसरलेलंय म्हणून! एकदा जीव आला की त्यानं आपल्या जन्माचा पुरावा स्वतःच खाऊन टाकला. म्हणून मग शोधणाऱ्यांना एकतर अशी जागा लागते जिथं अजून कुणी काही खाल्लेलं नाही, नाहीतर अशी जागा स्वतः बनवावी लागते.

बनवण्याचं काम स्टॅनली मिलरनं केलं, शिकागोत, १९५२-५३ साली, विद्यार्थी असताना. आदिम पृथ्वीची हवा म्हणून भांड्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ, आणि त्यात विजेच्या ठिणग्या, आठवडाभर. पाणी आधी गुलाबी झालं, मग तांबडं, आणि त्यात अमिनो आम्लं निघाली, म्हणजे प्रथिनांचे मणी. हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्यासारख्या बाईचा पहिला प्रश्न असतो, कशावरून ही आम्लं जिवाणूंनी बनवली नाहीत? एक आठवडा कोमट पाणी, त्यात कुठूनतरी चार जिवाणू पडले तर काय अवघड आहे? आणि बघा, हा प्रश्न मिलरलाही पडलेला, त्यानं भरलेलं सीलबंद उपकरण आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या मोठ्या कुकरसारख्या यंत्रात, १३० अंशांवर १८ तास ठेवलं आणि मग ठिणग्या दिल्या, तरी आम्लं निघालीच. आम्ही रोज १२१ अंशांवर १५-२० मिनिटं देतो आणि समाधानी असतो. १३० वर १८ तास म्हणजे शंकेला जागाच ठेवायची नाही असं ठरवलेल्या माणसाचं काम आहे.

गंमत म्हणजे एवढं करूनही एक गोष्ट सुटली होती, ती काच. २०२१ मध्ये स्पेन आणि इटलीच्या संशोधकांनी हाच प्रयोग काचेच्या भांड्यात आणि टेफ्लॉनच्या भांड्यात करून बघितला, तर काचेत कितीतरी जास्त प्रकारची संयुगं निघाली, टेफ्लॉनमध्ये कमी. अमोनियामुळे पाणी अल्कधर्मी होतं, ते काचेतली सिलिका थोडी थोडी विरघळवतं, आणि ती सिलिका स्वतः कामात भाग घेते. जवळजवळ ७० वर्षं सगळे भांड्यात काय आहे ते बघत होते आणि भांडं स्वतःच पदार्थांच्या यादीत होतं. यानं मिलर खोटा पडत नाही, उलट आदिम पृथ्वीवर सिलिकेट दगडांना काय तोटा, म्हणजे तो प्रयोग होता त्याहून पृथ्वीच्या जास्त जवळचा निघाला. पण मला यातून जो धसका बसला तो वेगळा. आपण रिकामं म्हणतो ते कशाकशानं भरलेलं असतं!

आता माझ्या लॅबबद्दल थोडं सांगावंच लागेल. स्टरिलिटी टेस्ट म्हणजे इंजेक्शनचं औषध बारीक फिल्टरमधून गाळायचं, मग त्या फिल्टरवर जिवाणूंचं खाद्य असलेलं मीडियम ओतायचं आणि १४ दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. रोज बाहेर काढून दिव्यासमोर धरून बघायचं, स्वच्छ आहे का गढूळ. याच्याच शेजारी एक निगेटिव्ह कंट्रोल असतो, त्यात औषध नाही, काहीच नाही, नुसतं मीडियम, पण बाकी सगळं अगदी तसंच केलेलं, तेच हात, तीच हवा, तोच दिवस. नवीन मुलं कंट्रोलकडे जरा दुर्लक्षानंच बघतात, त्यात काय बघायचं, रिकामाच तर आहे. मीही तशीच बघायचे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पाचव्या दिवशी मी ट्रे बाहेर काढला, सगळी सॅम्पल्स काचेसारखी आणि कंट्रोल गढूळ. थोडाच, तळाशी धुरकट, हलवलं की रेशमाच्या लडीसारखं फिरणारं. मी तो दिव्यासमोर चार वेळा धरला. पोटात गोळा आला. औषधात काही नाही आणि जिथं काहीच घातलं नव्हतं तिथं जीव, याचा अर्थ तो जीव माझ्याकडून आला, आणि मग सॅम्पल स्वच्छ आहेत यावर तरी कुणी का विश्वास ठेवावा? सगळी टेस्ट बाद. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जिवाणू रंगवून बघितले, मायक्रोस्कोपखाली द्राक्षांच्या घडासारखे जांभळे गोल दाणे, माणसाच्या कातडीवर असतात ते. बहुतेक ग्लोव्हच्या आणि बाहीच्या मधल्या फटीतून, मनगटाजवळून. तीन दिवस इन्व्हेस्टिगेशन चाललं, मी माझ्या प्रत्येक हालचालीचा जबाब लिहिला. आमच्या मॅडम ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "कंट्रोलनं त्याचं काम केलं. त्याला नावं नको ठेवूस." रात्री हॉस्टेलवर मी रडले, पण त्या दिवसापासून मी ट्रे बाहेर काढला की आधी कंट्रोल बघते, मग बाकीचं.

आणि त्यानंतरच मला नारळीकरांच्या बलूनच्या प्रयोगातली खरी गोष्ट दिसली.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे गुरू, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीव पृथ्वीवर सुरूच झाला नाही, तो धूमकेतूंबरोबर बाहेरून आला आणि अजूनही येतोय. आईच्या भाषेत सांगायचं तर विरजण शेजारून आणलं. घरचं दही संपलं की आपण काय करतो, वाटी घेऊन शेजारी जातो, तसं. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही आणि अजूनही पटत नाही, मला स्वतःलाही पटत नाही, कारण शेजाऱ्यांनी कुठून आणलं हा प्रश्न उरतोच. पण नारळीकरांनी वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन बघायचं ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं. हैदराबादला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं बलून सोडायचं केंद्र आहे, तिथून २००१ मध्ये बलून वर गेलं, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली आणि त्यात जिवाणू मिळाले. इथं दुसरा कुणी असता तर तेवढ्यावरच थांबला असता. यांनी प्रयोग परत करायचा ठरवला, का, तर या वेळी पृथ्वीवरची घाण मिसळू नये म्हणून जास्तीची काळजी घेऊन.

२० एप्रिल २००५ ला दुसरं बलून गेलं. खाली ४५९ किलोचं यंत्र, त्यात स्टीलच्या १६ नळ्या, निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून टाकलेली, आणि त्या सगळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. शून्याखाली जवळजवळ २४६ अंश. इतक्या थंडीत बाहेरची विरळ हवा नळीचं तोंड उघडताच आत ओढली जाते आणि गोठून चिकटून बसते. २० ते ४१ किलोमीटरच्या मधली हवा अशी नळ्यांत भरली, तोंडं बंद झाली, पॅराशूटनं सगळं खाली आलं. मग नमुने दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासले, हैदराबादला सीसीएमबी आणि आमच्या पुण्यात एनसीसीएस या पेशींवर संशोधन करणाऱ्या दोन संस्थांत, एकमेकांवर अवलंबून न राहता. मला पाश्चर आठवतो, हिमनदीवर हात वर करून उभा असलेला. प्रयोग तोच आहे, फक्त हात ४१ किलोमीटर वर गेलाय.

बॅक्टेरियाच्या १२ आणि बुरशीच्या ६ कॉलनी मिळाल्या. त्यातल्या ३ जिवाणूंच्या जाती तोवर माहीत नसलेल्या होत्या, अतिनील किरण जास्त सोसणाऱ्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला हॉईलचं, जॅनिबॅक्टर हॉयली. आपल्या गुरूची कल्पना सिद्ध झाली नाही तरी त्याचं नाव एका जिवाणूला लागलं. मार्च २००९ मध्ये इस्रोनं हे जाहीर केलं तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. बातम्यांत काय आलं ते सांगायला नको. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, भारतीय शास्त्रज्ञांना परग्रहावरचे जिवाणू सापडले म्हणून, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण त्या माणसांनी सगळ्यात जास्त कष्ट ज्या एका वाक्यासाठी घेतले तेच वाक्य गाळून बाकीचं पुढे ढकललं जातं. पुढे आर्यभटाच्या नावाच्या त्या जातीचे जिवाणू साध्या जमिनीत, पिकांच्या मुळांशीही सापडले. म्हणजे शेजारून आणलेलं वाटलं ते बहुतेक आपल्याच घरातलं, वाऱ्यानं वर गेलेलं. मला यात हार वाटत नाही. ४१ किलोमीटर वर, त्या उन्हात आणि त्या थंडीत आपल्या मातीतला जीव तग धरू शकतो हेच केवढं मोठं आहे! नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्या दिवशी लोक त्यांच्या गोष्टींबद्दल बोलत होते, मला त्या १६ नळ्या आठवत होत्या.

बाहेरून येणारी दुसरी वस्तू म्हणजे उल्का, आणि तिथं तर आपल्या हातांनी फार घोळ घातलेत. १४ मे १८६४ ला फ्रान्समध्ये ऑर्ग्युई गावाजवळ कार्बनवाली उल्का पडली. पाश्चरनं पॅरिसला आपोआप जीव तयार होत नाही हे गाजलेलं व्याख्यान दिलं होतं त्याला पाच-सहा आठवडेच झाले होते. तिचा एक तुकडा म्युझियममध्ये काचेच्या बरणीत बंद करून ठेवलेला, शंभर वर्षं कुणी हात लावला नाही. १९६० च्या दशकात उघडून बघितलं तर आत गवतासारख्या पाणवनस्पतीच्या बिया! एडवर्ड अँडर्स आणि सहकाऱ्यांनी नीट तपासलं, तर बिया फ्रान्समधल्याच, बरोबर कोळशाचे कण, आणि वरून उल्केच्या कवचासारखं दिसावं म्हणून लावलेला गोंद. कुणीतरी १८६४ साली मुद्दाम केलेलं, आणि ज्याला फसवायचं होतं त्यानं बरणी उघडलीच नाही. हे लबाडीचं झालं, पण साधेपणानंही तेच होतं. त्याच दशकात लोकांच्या लक्षात आलं की उल्केत अमिनो आम्लं सापडली म्हणून जे रिपोर्ट येतायत त्यांच्यासारखीच आम्लं माणसाच्या बोटाच्या एका ठशात असतात. नुसता दगड हातात धरला की झालं. माझं मनगट मला लगेच आठवलं.

मग यातून सुटायचं कसं? इथं जी युक्ती निघाली ती मला फार सुंदर वाटते. अमिनो आम्लं डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात, आपल्या दोन हातमोज्यांसारखी, रचना तीच पण एकावर एक बसत नाही. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी जवळपास सगळी डावीच वापरतात. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, नासातल्या ज्या गटानं ती तपासली त्याचे प्रमुख श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नमपेरुमा, आणि त्यांना डावी आणि उजवी जवळजवळ सारखी मिळाली. शिवाय जिवंत वस्तूंत नसतात अशी आम्लंही मिळाली. बोटाचा ठसा असता तर डावीच डावी निघाली असती. म्हणजे इथं जिवाची सहीच नाहीये हाच पुरावा, की हे खरं बाहेरचं आहे. बेन्नू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या यानानं १२१.६ ग्रॅम माती आणली, तिच्यातही जिवांना लागणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे त्यांची अक्षरं, मिळाले, आणि डावं-उजवं पुन्हा सारखंच. दूध आहे, साखर आहे, भांडं आहे, विरजण लागलेलं नाही.

पण गाफील राहायची सोय नाही. जपाननं र्‍युगू लघुग्रहावरून २०२० मध्ये ५.४ ग्रॅम आणले, नायट्रोजनमध्ये बंद ठेवले. त्यातला मिलिमीटरभराचा एक कण लंडनला गेला, त्याचा आधी एक्स-रे स्कॅन झाला, जीव काही नाही. मग तो तपासणीसाठी हवेत उघडला आणि थोड्या दिवसांनी बघतात तर त्यावर धाग्यांसारखे, कांड्यांसारखे जिवाणू! ते वाढले, मग कमी झाले, साधारण पाच दिवसांत दुप्पट, पृथ्वीवरच्या जिवाणूंसारखेच. म्हणजे कोट्यवधी किलोमीटरवरून आणलेल्या कणावर आपला जीव आठवड्याभरात घर करून बसला. २०२४ मध्ये हे छापून आलं. तो आधीचा रिकामा स्कॅन नसता तर केवढा गोंधळ झाला असता याचा विचार करा.

इथपर्यंत वाचून वाटेल की शंका घेतली की झालं, सगळं आपलीच घाण म्हणून टाकून द्यायचं. तसं नाहीये, आणि व्हायकिंगची गोष्ट मला म्हणूनच टोचते. १९७६ मध्ये नासाची दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. पाठवण्याआधी सगळं यान साधारण ११२ अंशांवर ३० तास भाजून काढलेलं. तिथं गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेलं खाद्य शिंपडलं तर वायू बाहेर पडला, जणू कुणीतरी खाल्लं. कंट्रोल म्हणून तीच माती १६० अंशांवर तीन तास भाजून परत केलं तर काही नाही. अगदी पुस्तकातल्यासारखा निकाल! पण दुसऱ्या यंत्राला मातीत सेंद्रिय पदार्थ काही सापडेनात, सापडली ती फक्त क्लोरिन असलेली एक-दोन साधी संयुगं, आणि ती यान धुवायला वापरलेल्या द्रावणाची असणार असं म्हणून बाजूला ठेवली गेली. मग २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट मिळालं, म्हणजे क्लोरिन आणि ऑक्सिजन असलेला एक क्षार. आता परक्लोरेट असलेली माती सेंद्रिय पदार्थांसकट तापवली तर नेमकी तसलीच संयुगं निघतात. म्हणजे ३२ वर्षं ज्याला आपल्या फडक्याचा वास म्हणत होतो तो कदाचित मंगळाचाच होता. वायू निघाला त्याचंही कारण बहुतेक मातीतले असलेच तीव्र पदार्थ असावेत, जीव नसावा, बहुतेकांचं मत तेच आहे, लेव्हिन मात्र २०२१ मध्ये जाईपर्यंत आपल्या मतावर ठाम होते. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. कंट्रोल स्वच्छ, प्रयोग बोलतोय, आणि तरीही पुरत नाही.

असाच पेच आमच्या आजोळीही आलाय. आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथं भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचं नातं समजावं म्हणून त्याच भागात गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं, सव्वा किलोमीटर काळा कातळ आणि खाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट. आणि भूकंपासाठी काढलेल्या त्या दगडांत खरगपूर आयआयटीच्या लोकांना सूक्ष्मजीवांचा माग लागला. उजेड नाही, हवा नाही, उष्णता आणि दाब, तिथं. पण बोअर घेताना वरून चिखलाचं पाणी सोडतात, त्यात लाखो जिवाणू असतात, मग खालचे कुठले आणि वरचे कुठले? म्हणून अशा कामात दगडाची बाहेरची साल तासून टाकतात, फक्त गाभा घेतात, आणि ते चिखलाचं पाणीही वेगळं तपासून दोन्ही यादी शेजारी ठेवतात. मंगळावर जीव असलाच तर वर नसून असाच खोल असेल असं अनेकांना वाटतं, म्हणून कोयनेचा दगड मंगळाच्याही कामाचा.

आणि मंगळावर आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, नासाची पर्सिव्हरन्स ही गाडी फिरतेय. तिच्याकडे ४३ नळ्या होत्या. २०२४ च्या जुलैमध्ये तिला एका दगडावर बिबट्यासारखे ठिपके दिसले, पृथ्वीवर असले ठिपके कधी कधी सूक्ष्मजीवांमुळे पडतात आणि कधी त्यांच्याशिवायही पडतात, त्या दगडाचा नमुना एका नळीत बंद आहे आणि ती नळी अजून तिकडेच आहे. बातमी सगळी त्या नळीची झाली. पण त्या ४३ पैकी ५ नळ्यांत दगड भरायचाच नव्हता. त्यांना विटनेस ट्यूब म्हणतात, साक्षीदार नळ्या. बाकीच्या नळ्यांबरोबर त्याही गेल्या, त्यांचंही तोंड मंगळाच्या हवेत उघडायचं, त्यांनाही त्याच यंत्रानं हाताळायचं आणि बंद करायचं. पृथ्वीवरून यानाबरोबर नकळत काय काय गेलं ते त्यांनी लक्षात ठेवायचं. एवढा खर्च करून, एकेक ग्रॅमचा हिशोब करून मंगळावर पाच नळ्या दगड न भरण्यासाठी पाठवल्या! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझा निगेटिव्ह कंट्रोल मंगळावर गेलाय. त्या ठिपक्यांची नळी कधी घरी आली तर आधी साक्षीदार नळीला विचारावं लागणार, आणि ती काय म्हणते यावर सगळं ठरणार.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते. आता ती थकलीये, पण दही अजून घरीच लावते. मी तिला साक्षीदार नळ्यांचं सांगितलं, तिनं नीट ऐकलं, मग दुधात करंगळी बुडवली. मी काही म्हणाले नाही. म्हटलं, आई, तुझं हे विरजण किती जुनं गं? तर ती म्हणाली, लग्नात आईनं दिलेलं, तेच चाललंय, मध्ये एकदा-दोनदा मोडलं तेव्हा माहेरूनच परत आणलं. मग थोडं थांबून म्हणाली, पण तेही आमच्या घरचं नव्हे. भूकंपात भिंत पडली, शिंकं, मडकी सगळं गेलं, बरेच दिवस दही नव्हतं घरात. मग कराडकडची मावशी बघायला आली, तिनं डब्यातनं आणलं.

"आणि मावशीकडे कुठून आलं?"

"ते काय मला माहीत बाई. तिच्या सासूकडनं असेल." तिनं चमचा झटकला, झाकण ठेवलं, वर जुनं फडकं गुंडाळलं आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं.

थोडं दूध उरलं होतं. मी एक वाटी उकळत्या पाण्यातून काढली, त्यात ते परत उकळून ओतलं, विरजण न घालता, वर ताटली ठेवली आणि ती वाटी पातेल्याशेजारी ठेवली. आईनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, असू दे, सकाळी बघू.

सकाळी आम्ही दोघींनी आधी वाटी उघडली.